पेट्रोलचा की बॅटरीचा

त्या दिवशी अवजारांच्या दुकानात बापलेक इतक्या मोठ्यानं बोलत होते की शेजारी रंगाचे डबे बघत उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाला राहवलं नाही. तो मध्ये पडला.

"काका, चारचौघांत मुलीवर असं ओरडू नये."

"कोण ओरडतंय?" बाबा ओरडले. "आम्ही बोलतोय!"

"आम्ही बोलतोय," तिनंही तेवढ्याच आवाजात सांगितलं, आणि तो भला माणूस हातातला डबा फळीवर ठेवून दुकानाबाहेर पडला.

त्यांच्या घरात बोलायची पट्टीच ती होती. बाबांची उभी हयात कापडगिरणीत माग दुरुस्त करण्यात गेली होती आणि मागांनी त्यांचे कान नेले होते. कानात घालायचं यंत्र होतं, पण ते बहुतेक वेळा शर्टाच्या खिशात असायचं. त्यातून माणसांपेक्षा भांडीच जास्त ऐकू येतात, अशी बाबांची तक्रार होती. त्यामुळे घरात मीठ मागायचं तर ओरडून आणि पेपरातली बातमी सांगायची तर ओरडून. मुलगी लहानपणापासूनच यात तयार झाली. पुढे ती भाषांतरं करू लागली, जाडजूड पुस्तकांत बुडाली, प्रकाशकांशी फोनवर हळू, सभ्य आवाजात बोलायला शिकली; पण बाबांसमोर आली की तिचा गळा आपोआप मोकळा व्हायचा.

दुकानात आले होते ते अंगणातली पानं उडवायचा ब्लोअर घ्यायला. अंगणात बदामाची दोन मोठी झाडं होती आणि पानगळीच्या दिवसांत ती माणसाचा अंत बघायची. एकेक पान तळहाताहून मोठं, जाड, चामड्यासारखं. दवानं भिजलं की फरशीला असं चिकटून बसायचं की खराट्याच्या काड्या मोडायच्या, पान जागचं हलायचं नाही. अंगण झाडायचं काम वर्षानुवर्षं बाबांचं. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला, खराटा मुलीच्या हातात आला आणि तेव्हापासून बाबांच्या डोक्यात ब्लोअर शिरला होता.

दुकानदारानं दोन ब्लोअर काढून मांडले. एक पेट्रोलचा, एक बॅटरीचा. जमिनीवर जुन्या बिलांचे कपटे टाकून त्यानं दोन्ही चालवून दाखवले. दोन्ही वेळा कपटे समोरच्या भिंतीवर जाऊन आपटले आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, "बघा, काय ताकद आहे!"

बाबांनी कपट्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी पेट्रोलच्या यंत्राच्या पाठीवर पंजा टेकवला आणि डोळे मिटून घेतले. गिरणीत ते माग असेच तपासायचे. जिथे कुणालाच काही ऐकू यायचं नाही, तिथे ते हातानं ऐकायचे. दुकानदाराला वाटलं म्हातारबुवांना घेरी आली. तो खुर्ची आणायला धावला.

"हा घ्यायचा," बाबा डोळे उघडून म्हणाले. "ह्याच्यात जीव आहे."

"त्याच्यात वजन आहे! धरणार कोण? मी! बॅटरीचा घ्या, हलका आहे."

"बॅटरी मेली की मेली. तिला उघडता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. हा रुसला तर मी उघडीन, प्लग पुसीन, परत चालू."

"तुम्ही उघडाल आणि मग त्याचे सगळे भाग जेवणाच्या टेबलावर महिनाभर नांदतील."

"मग? जेवण काय टेबलावरच जेवलं पाहिजे का, सरकार?"

'सरकार' हे त्यांनी तिला ठेवलेलं नाव. ती हुकूम सोडते म्हणून. नेमक्या याच वेळी तो रंगवाला गिऱ्हाईक मध्ये पडला होता.

शेवटी काहीच न घेता दोघं परतली. बसमध्ये वाद चालू, थांब्यापासून घरापर्यंत वाद चालू. कुलूप उघडताना बाबा म्हणाले, "धूर होतो हे मान्य. पण आवाज होतो म्हणतेस, तो मला कुठे ऐकू येतोय?" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

संध्याकाळी ते पायरीवर बसून दिवसभरात पडलेल्या पानांकडे बघत होते. आपला आवाज किती मोठा निघतो याचा बाबांना अंदाज नसायचा. तो नेहमी गरजेपेक्षा जास्तच असायचा. त्या संध्याकाळी मात्र तो इतका हळू निघाला की ऐकायला तिला वाकावं लागलं.

"माझ्या पायी अडकलीस गं तू इथे. निदान हे झाडणं तरी तुझ्यामागचं सुटावं."

यावरचं उत्तर तिच्याकडे होतं. शोधावंही लागणार नव्हतं, जिभेवरच होतं. पण बाबांच्या कानापर्यंत पोचवायचं तर ते ओरडून सांगावं लागलं असतं, आणि मायेचं बोलणं ओरडून सांगितलं की रागावल्यासारखं वाटतं, हे ती लहानपणीच शिकली होती. वर कुंपणापलीकडच्या बाईंनीही ते सगळं ऐकलं असतं.

"चहा निवतोय!" ती ओरडली. "आणि बॅटरीचाच घेणार आहोत!"

"बघू!" बाबा ओरडले.

सकाळी ती त्यांना उठवायला गेली. नेहमीसारखी दारातूनच मोठ्यानं हाक मारली. मग आत जाऊन मारली. मग अगदी हळू मारली. त्या खोलीत तशा आवाजात आजवर कुणी कुणाला हाक मारली नव्हती.

समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली. घरात सगळे हळू बोलू लागले आणि तिला कुणाचंच धड ऐकू येईना. बोलायचे सगळे एकच. आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, सोबतीला येऊन राहिली होती, ती आल्यागेल्याला बैजवार सांगायची, "शहरात चांगली नोकरी होती हो हिची. माझी वहिनी गेली आणि ही सगळ्यावर पाणी सोडून आली. बापाला एकटं टाकवेना. जन्म वाहिला पोरीनं. बिचारी."

ती मान हलवायची. मान हलवणं सोपं असतं. समोरच्याचा चहा संपेपर्यंतच हलवायची असते. पण प्रत्येक वेळी मान हलवली की तिला वाटायचं, आपण एका खोट्या कागदावर सही करतोय.

खरं एवढंच होतं की आई गेल्यावर ती थोड्या दिवसांसाठी म्हणून आली होती आणि परत जायची वेळ आली तेव्हा तिला जावंसं वाटेना. त्या काचेच्या ऑफिसला ती विटली होती. तिथे सगळे हळू बोलत आणि मनातलं कुणीच बोलत नसे. इथे खिडकीपाशी तिचं टेबल होतं, बाहेर बदामाची सावली होती, आणि समोर एक माणूस होता जो प्रत्येक गोष्टीवर तिच्याशी वाद घालायचा आणि हरला की खूश व्हायचा. याला त्याग म्हणतात हे तिला लोकांकडून कळलं.

दिवसकार्य उरकून गेलेला दादा परत आला तो एका रविवारी सकाळी, हातात एक भलंमोठं खोकं घेऊन. दादा तिचा थोरला भाऊ. विमा कंपनीत होता आणि जे संकट अजून जन्मालाही आलं नाही त्याचीसुद्धा तजवीज करून ठेवायचा. माणूस प्रेमळ, पण त्याचं प्रेम आलं की सोबत वेळापत्रक यायचं.

"आमच्याकडे तुझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय," बूट काढता काढता तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात हे घर भाड्यानं देऊन टाकू. बघायला लोक येतील, तोवर अंगण माणसांत आणायला पाहिजे. पानं बघ, पायरीला लागलीत. आठवड्यातून एकदा येणारा माणूस ठरवलाय."

"मला कुणी विचारलं?"

"विचारायचं काय त्यात? एकटी राहणारेस का इथे?"

"हो."

"अगं, हे अंगण तरी झेपणारे का तुला?"

"सुटलीस म्हण आता," आत्यानं मध्येच तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आता तरी स्वतःसाठी जग."

'सुटलीस' हा शब्द तिला विंचवासारखा डसला. ती काही बोलणार तेवढ्यात दादानं खोकं उघडलं. आत पेट्रोलचा ब्लोअर होता.

"परवा दुकानदार भेटला. म्हणाला, काकांनी शेवटी हाच पसंत केला होता. म्हटलं, निदान तेवढं तरी करावं."

आत्यानं खोक्यालाच हात जोडले. "शेवटची इच्छा हो माझ्या भावाची!"

"ती शेवटची इच्छा नव्हती," ती म्हणाली. "तो वाद होता. आणि तो संपला नव्हता."

दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू दुःखानं हिचं डोकं फिरलंय आणि ते समजून घ्यायला हवं. दादा समजून घेऊन अंगणात गेला. दोरी ओढून ओढून त्याचा चेहरा लाल झाला. मग यंत्र एकाएकी असं गरजलं की दादाच मागे सरकला. समोरची पानं उठली, त्यांच्याबरोबर खडी उठली, जास्वंदीची कुंडी आडवी झाली आणि पायरीवर आत्यानं वाचायला घेतलेला पेपर कुंपणावरून पसार झाला. दादानं घाईघाईनं बटण दाबलं.

"झालं की नाही साफ?"

"आपलं झालं. पण शेजारच्यांचं भरलं," ती म्हणाली.

कुंपणाच्या पलीकडून शेजारच्या बाई डोकावल्या. एका हातात आत्याचा पेपर, डोक्यात एक लालभडक पान. "हे दोन्ही तुमचंच ना?" त्यांनी विचारलं.

बाबा असते तर हसून बेजार झाले असते. तिनं पेपर घेतला, माफी मागितली आणि ब्लोअर परत खोक्यात भरला. मग झाडाखालचा सगळ्यात भिजलेला ढीग हातानं पोत्यात भरू लागली.

"हे कशाला?" दादा म्हणाला.

"परीक्षा घ्यायला. चल, गाडी काढ."

दुकानदारानं दादाला ओळखलं, खोकं ओळखलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, चालवलेला माल परत कसा घेऊ?"

"आधी बॅटरीचा दाखवा. परत घ्यायचं नंतर बघू."

त्यानं सवयीनं बिलांचे कपटे काढले. तिनं हात वर केला. "माझ्या अंगणात बिलं पडत नाहीत." आणि दुकानासमोरच्या फरशीवर तिनं अर्धं पोतं ओतलं. काळपट, निथळणारी पानं पचकन खाली बसली, मग तिनं ती पायानं दाबून सपाट केली, पानं रात्रभर पडून राहिली की होतात तशी. शेजारचा सायकलवाला हातातलं काम टाकून बघायला आला. त्या दिवशी निवड करताना बाबांची चूक तीच झाली होती आणि तिचीही. एकानं हात लावून निवाडा केला, दुसरीनं वजन करून. ज्या पानांसाठी एवढी भवति न भवति चालली होती, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पेट्रोलच्या ब्लोअरनं अर्धा ढीग पहिल्याच झोतात रस्त्यावर नेला. दुकानदार सुखावला. मग तिनं पोत्यातली उरलेली पानं टाकून, तुडवून, बॅटरीचा सुरू केला. वरची चार पानं उडाली. खालची ढिम्म.

"बघ," दादा म्हणाला.

"बघा," दुकानदार म्हणाला. "तुमच्या वडिलांची नजर पक्की होती."

एवढ्यानंच भागलं असतं. बाबा जिंकले असते, आत्या रडली असती, दादाला बरं वाटलं असतं, आणि तिला जन्मभर ते जड यंत्र हातात घेऊन 'शेवटची इच्छा' पाळता आली असती. पण बाबा काही तसबिरीतले बाबा नव्हते. त्यांच्याशी वाद घालणं सोडून दिलं तर मागे उरणार काय? हार घातलेला एक फोटो, ज्याचं सगळंच बरोबर असतं.

"याला चपटं तोंड मिळतं ना?" तिनं विचारलं.

दुकानदारानं नाखुशीनं ते काढून बसवलं. तिनं ब्लोअर खाली नेला, जवळजवळ जमिनीला टेकवला, आणि समोरून न मारता कडेनं वारा घातला. पानाची कड थरथरली, उचलली गेली, तिच्याखाली वारा शिरला आणि पान उलटलं. मग पुढचं. झपाटा काही नव्हता. अगदी तळाशी चिकटलेली काही पानं शेवटपर्यंत हललीही नाहीत. पण तिचं मनगट दुखलं नाही आणि शेजारून जाणारी बाई फोनवर बोलत होती, ती बोलतच पुढे गेली.

"ही चिकटलेली?" दादानं बोट दाखवलं.

"ती ऊन येईपर्यंत पडू देत. त्यांना कुठे जायचंय?"

सायकलवाला फिस्सकन हसला.

"बॅटरी उघडता येते का?" तिनं विचारलं. दुकानदारानं मान हलवली, नाही येत. म्हणजे त्या मुद्द्यावर बाबांचं बरोबर होतं. तिनं ते मनातल्या मनात कबूलही केलं. पण एका मुद्द्यावर वाद जिंकता येत नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"हाच देऊन टाका."

"ताई, पण वडिलांनी स्वतः हात ठेवून..."

"वडील चुकले होते," ती म्हणाली. "मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. इथेच उभी राहून. तुम्ही ऐकलंय."

नुकत्याच गेलेल्या माणसाबद्दल असं कुणी बोलतं का? दादानं मान खाली घातली. अदलाबदलीला नको म्हणायची दुकानदाराची हिंमतच झाली नाही. फरकापोटी तिनं एक जास्तीची बॅटरी मागून घेतली. तीही त्यानं खोक्यात ठेवली.

घरी येईपर्यंत ऊन अंगणात उतरलं होतं आणि पानांच्या कडा वळायला लागल्या होत्या. आत्या पायरीवर होती, या वेळी पेपर मांडीखाली दाबून. ब्लोअर घेऊन मुलगी कामाला लागली. फाटकापासून सुरुवात केली. कडेनं, खालून, पानं घोळात घेत झाडांच्या बुंध्याकडे नेऊ लागली. कुंडीला वळसा घातला. मध्यावर आली तेव्हा वारा मंदावला आणि यंत्र थांबलं.

"मेली," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, पण समाधान होतं.

तिनं दुसरी बॅटरी बसवली. "पहिलीला आत चार्जिंगला लाव," ती म्हणाली, आणि दादानं मुकाट्यानं लावली. परत आला तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"मला एक कळत नाही," तो यंत्राच्या आवाजावरून म्हणाला. "एवढं सगळं सोडलंस त्यांच्यासाठी. एवढी वर्षं इथे अडकून राहिलीस. आम्ही काय आंधळे आहोत का? आणि आता त्यांच्या मनासारखी एक गोष्ट करायची वेळ आली तर बाजारात उभी राहून सांगतेस, वडील चुकले. त्यांनाही शेवटपर्यंत तेच लागून राहिलं होतं, ठाऊकाय? मला फोनवर म्हणाले होते. पोरीला मी अडकवलं, म्हणाले."

म्हणजे त्यांनी ते फक्त पायरीवर बसून म्हटलं नव्हतं. ते बाळगलं होतं, फोनवरून दादाला सांगितलं होतं. आणि उत्तरादाखल तिनं त्यांना चहा निवतोय म्हणून सांगितलं होतं. आता ती गप्प राहिली असती तर हेच खरं ठरलं असतं. आत्या ते लोकांना सांगत राहिली असती, दादानं तिला त्या रंगवलेल्या खोलीत नेऊन ठेवलं असतं, आणि बाबा कायमचे तिच्या पायातली बेडी होऊन बसले असते.

तिनं ब्लोअर बंद केला. अंगणात एकदम शांतता झाली. तिनं आवाज लावला तो बाबांशी बोलताना लावायची तोच, पोटातून, खिडक्यांची तावदानं हलावीत असा. कुंपणापलीकडचा नळ बंद झाला. आत्यानं कानाकडे हात नेला आणि तसाच अर्ध्यावर ठेवला.

"मी त्यांच्यासाठी राहिले नाही, दादा! कुणी मला अडकवलं नव्हतं. काही सोडलं नाही मी, काही वाहिलं नाही. मला त्या नोकरीत मरायचं नव्हतं, मला इथे जगायचं होतं. सकाळी उठून त्या माणसाशी भांडायला मिळायचं म्हणून मी सकाळी उठायचे! आणि आत्या, मी बिचारी नाही, आणि सुटलेही नाही. मला सुटायचंच नव्हतं. हे घर भाड्यानं जाणार नाही. यात मी राहतेय."

दादा काहीतरी म्हणायला गेला. तिनं त्याच्याकडे पाठ केली, घराच्या उघड्या दाराकडे तोंड केलं आणि आवाज आणखी चढवला.

"तुमच्या पायी नाही, बाबा! मी हौसेनं राहिले होते. हौसेनं!"